पायाखालची प्रतिमा

शुसाकू एन्दो यांची ‘चिन्मोकु’ (१९६६) ही जपानी कादंबरी ‘सायलेन्स’ या नावाने इंग्रजी अनुवादातून भारतीय वाचकांपर्यंत पोहोचली. ईश्वराच्या मौनाची कादंबरी म्हणूनच तिची चर्चा बहुधा होते. शीर्षकाने सुचवलेली ही दिशा चुकीची नाही. परंतु तिच्यामुळे राज्यसंस्थेने माणसावर लादलेल्या मौनाचा विचार मागे पडतो, आणि कादंबरीचे बळ तर तेथेच अधिक आहे.

तोकुगावा राजवटीने १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी घातली. शिमाबारा येथील १६३७-३८ च्या उठावानंतर ती अधिकच कठोर झाली. कुटुंबांची नोंद बौद्ध मंदिरात व्हावी, पाद्र्याची खबर देणाऱ्यास बक्षीस मिळावे, संशयिताने ख्रिस्ताची वा मरियेची प्रतिमा पायाने तुडवावी, अशी ती यंत्रणा होती. या प्रतिमेला ‘फुमिए’ म्हणत. एन्दो यांची खरी पकड दिसते ती फुमिएच्या प्रसंगांत. सक्ती करणारा अधिकारी संतापत नाही. हा केवळ उपचार आहे, मनातून नको, पाऊल तेवढे ठेवा, असे समजावले जाते. सत्तेला अंतःकरणाशी कर्तव्य नाही असा भास होतो. प्रत्यक्षात अंतःकरण आणि आचरण यांची फारकत माणसाकडून त्याच्याच पायाने करवून घेणे, हाच तिचा हेतू असतो. कादंबरीतील कोणत्याही छळापेक्षा हे सौजन्य अधिक भयंकर आहे.

निवेदनाची घडणही याच सूत्राशी बांधलेली आहे. आरंभी रॉड्रिग्ज या तरुण धर्मोपदेशकाची पत्रे आहेत. त्यांतील ‘मी’ ठाम, काहीसा आत्मतुष्टही आहे. पुढे तो पकडला जातो आणि निवेदन तृतीय पुरुषात जाते. अखेरीस उरते ती एका अधिकाऱ्याची रोजनिशी. तीत त्याचे नावही जपानी झालेले आहे. ही कोरडी दफ्तरी पाने पुष्कळ वाचक चाळून सोडून देतात. पण धर्मत्याग केलेल्या या माणसाकडून तोच त्याग पुन्हा लिहून घ्यावा लागतो, ही नोंद तेथेच आहे. जिंकलेल्या सत्तेची अस्वस्थता याहून थोडक्यात क्वचितच कोणी सांगितली असेल.

रॉड्रिग्जचा प्रवास गोव्यावरून होतो. त्याच गोव्यात १५६० पासून पोर्तुगिजांचे धर्मन्यायालय इतरांच्या श्रद्धेची झडती घेत होते, याची सावली कादंबरीवर पडत नाही. नागासाकीत १५९७ मध्ये क्रुसावर मारल्या गेलेल्या सव्वीस जणांत वसईचा गोन्सालो गार्सिया होता. त्यामुळे मराठी वाचकाला या इतिहासाच्या दोन्ही बाजू परक्या नाहीत, आणि ही उणीव त्याला जाणवल्यावाचून राहत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. समुद्रात खांबांना बांधून मारलेले मोकिची आणि इचिझो हे शेतकरी थोड्याच पानांत संपतात. त्यानंतर यातना पाद्र्याच्या, त्यांचा अर्थही पाद्र्याचाच. प्रत्यक्षात दोन शतकांहून अधिक काळ पाद्र्यावाचून हा धर्म टिकवला तो अशाच गावकऱ्यांनी. प्रतिमा तुडवून ते घरी येत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये येऊन त्यांच्या वंशजांनी आपली ओळख दिली. बंदीचे फलक उतरले ते १८७३ मध्ये. जपानच्या दलदलीत हे रोप मूळ धरत नाही, असा निर्वाळा कादंबरीतील फरेरा देतो. फरेराने धर्म शिकवलेले गावकरी मात्र या वादात कोठेच बोलत नाहीत.