बेटांचं गणित आणि ग्वामचा साप

मागच्या व्याख्यानात आपण मॅकआर्थर आणि विल्सन यांचा १९६७ सालचा सिद्धांत पाहिला. बेटावर नव्या प्रजाती येत राहतात, जुन्या नाहीशा होतात आणि संख्या कुठेतरी स्थिरावते. बेट मोठं आणि मुख्य भूमीला जवळ, तर प्रजाती जास्त. पुस्तकाचं मोठेपण आम्हाला मान्यच आहे. नुसत्या याद्या करणाऱ्या शास्त्राला त्याने प्रश्न विचारायला लावलं. पण प्रजाती नाहीशी का होते, ती जागा त्याने जवळपास कोरी सोडली, आणि संरक्षणवाल्यांनी पुढे ती क्षेत्रफळाने भरून टाकली.

आता ग्वाम घ्या. पश्चिम प्रशांत महासागरातलं, साधारण ५४० चौरस किलोमीटरचं बेट. ते आकसलं नाही, कुठून लांबही सरकलं नाही. तरी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या चाळीसेक वर्षांत तिथल्या जंगलातले बहुतेक मूळचे पक्षी संपले. कीटकनाशकं, रोगराई, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. ज्युली सॅव्हिज यांनी १९८७ साली दाखवून दिलं, की कारण झाडावर राहणारा एक तपकिरी साप आहे. बहुधा लष्करी मालाबरोबर आलेला. साप जसा उत्तरेकडे पसरला, तसतसे पक्षी गेले.

गंमत बघा. सिद्धांताचं सूत्र फक्त पक्ष्यांपुरतं मांडलं, तर हा साप त्यात येतच नाही. सगळ्या प्राण्यांचं मांडलं, तर तो येतो, पण एका प्रजातीची भर म्हणून!

ग्वामचा 'कोको' हा न उडणारा पक्षी, आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला. जंगलातून तो संपला होता. बंदिवासात वाढवलेले कोको २०१० साली ग्वामच्या दक्षिण टोकाजवळच्या कोकोस बेटावर सोडले. हे बेट जेमतेम ३३ हेक्टरांचं. एवढ्या मोठ्या ग्वामवर न टिकलेला पक्षी इथे पिल्लं काढू लागला, कारण इथे साप नव्हता. क्षेत्रफळावर भिस्त ठेवणाऱ्याने ही जागा निवडली असती का? आम्हाला नाही वाटत.

सिद्धांताच्या बाजूने एवढं म्हणता येईल, की तो लांब पल्ल्याचा आहे आणि ३३ हेक्टरांत मोजकेच पक्षी मावणार. ते खरंच. पण २०२० साली कोकोसवरही साप सापडला. तिथे आता निकड आहे ती रात्री बॅटऱ्या घेऊन झाडं धुंडाळणाऱ्या माणसांची, आणि त्यांच्या कामाचं असं या पुस्तकात फारसं काही नाही.