न्हाणीघराचा पंखा आणि टक्क्यांचा घोटाळा

न्हाणीघरातील दमट हवा बाहेर फेकणारा पंखा आता आपला आपण चालू-बंद होऊ शकतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ठरावीक टक्क्यांवर गेली की संवेदक पंखा सुरू करतो, खाली आली की थांबवतो. कॅलिफोर्नियाच्या बांधकाम नियमांत तर न्हाणीघराच्या पंख्याला असे नियंत्रण हवे, आणि त्याची मर्यादा 50 ते 80 टक्क्यांमध्ये बदलता आली पाहिजे, असे म्हटले आहे. शालेय विज्ञान प्रदर्शनासाठीही हा प्रकल्प सोपा आहे. तरीही कळंबसारख्या गावी ही योजना जशीच्या तशी उचलणे आम्हाला पटत नाही.

समजा, मर्यादा 70 टक्के ठेवली. श्रावणात पावसाची झड लागली असताना मांजरेकाठच्या या भागात बाहेरचीच हवा 24 अंश सेल्सिअसला 90 टक्के आर्द्र असू शकते. पंखा आत ओढणार तीच हवा. मग 70 टक्के गाठायचे कसे? अशा दिवशी कोणी आंघोळ केली नाही तरी पंखा फिरतच राहील. संवेदकाचे मोजमाप बरोबर आहे. त्याला विचारलेला प्रश्न चुकला आहे. टक्के हे गुणोत्तर आहे, हवेतील पाण्याचे वजन नव्हे.

वजनच पाहू. आंघोळीनंतर फरशीवर आणि भिंतींवर 200 ग्रॅम पाणी राहिले असे धरा. वरच्या पावसाळी हवेत घनमीटरला सुमारे 19.6 ग्रॅम बाष्प असते आणि त्याच तापमानाला ती 21.8 ग्रॅमला संपृक्त होते. म्हणजे एक घनमीटर हवा फार तर 2.2 ग्रॅम पाणी नेणार. 200 ग्रॅमसाठी 91 घनमीटर हवा लागेल. हिवाळ्यात 15 अंशांची, 50 टक्के आर्द्र हवा आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली, तर तीच एक घनमीटर हवा जवळपास 11 ग्रॅम नेईल. 18 घनमीटरमध्ये काम भागेल. पंखा तासाला 100 घनमीटर हवा फेकत असेल, तर हिवाळ्यात 11 मिनिटे आणि पावसाळ्यात 55 मिनिटे. हा किमान हिशोब झाला, कारण प्रत्यक्षात हवा पूर्ण संपृक्त होऊन बाहेर पडत नाही.

मराठवाड्यातील माळवदी घरांत न्हाणी बहुधा परसात किंवा अंगणाच्या कडेला असे; भिंतींना बुरशी येण्याची काळजी कमी होती. स्लॅबच्या घरात खोलीला लागून न्हाणीघर आले आणि ती काळजीही आली.

त्या मानाने साधा टायमर आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो. ऋतूप्रमाणे मिनिटे बदलली की झाले. आत आंघोळ झाली की नुसते हात धुतले हे त्याला कळत नाही, हा दोष खरा. संवेदकच हवा असेल तर दोन लावावेत, एक आत आणि एक बाहेर. तापमानाच्या मदतीने दोन्हीकडच्या बाष्पाचे वजन काढून तुलना करावी आणि वर वेळेची मर्यादा घालावी. वर्गात हेच काम ओल्या व कोरड्या फुग्याच्या तापमापकांच्या दोन जोड्यांनी होते. दाराखाली हवा आत यायला फट आहे ना, तेही पाहावे. नाहीतर पंखा फिरतो, हवा हलत नाही.

आणि रबरी वायपर? त्याने 200 पैकी 150 ग्रॅम पाणी मोरीत लोटले, तर पावसाळ्यातली ती 55 मिनिटे 14 वर येतात.