वाळवंटी नदी आणि प्रवासवर्णनातील सत्य

वाटाड्या न घेता नदीतून खाली जाणाऱ्या प्रवाशाला पुढच्या वळणापलीकडचे काही दिसत नाही. वाळवंटातील नदीवर तर दोन्ही अंगांना वालुकाश्माच्या भिंती उभ्या असतात, आणि प्रवाहाविरुद्ध परतणे बहुधा शक्य नसते. या अनुभवाचे स्वाभाविक वाङ्मयरूप म्हणजे दैनंदिनी. तिच्यातील वर्तमानकाळ हा केवळ शैलीचा अलंकार नव्हे. पुढे काय आहे हे ठाऊक नसण्याच्या अवस्थेचे ते व्याकरण होय. परंतु लेखकाने हा वर्तमानकाळ प्रवास संपल्यावर काही वर्षांनी योजला असेल, तर त्याचे मोल काय? अमेरिकेतील ग्रीन व कोलोरॅडो या नद्यांविषयीच्या वाङ्मयातून हा प्रश्न उभा राहतो.

या वाङ्मयाचा मूलग्रंथ म्हणजे जॉन वेस्ली पॉवेल यांचा १८७५ साली प्रसिद्ध झालेला अहवाल. यादवी युद्धात उजवा हात गमावलेले पॉवेल २४ मे १८६९ रोजी नऊ सोबती व चार होड्या घेऊन वायोमिंगमधून निघाले. एक होडी लोडोरच्या दरीत फुटली. एक सोबती जुलैत निघून गेला. ऑगस्टअखेर आणखी तिघे ग्रँड कॅन्यनमधील एका खळाळापाशी मोहीम सोडून वर चढून गेले आणि मारले गेले. ३० ऑगस्टला व्हर्जिन नदीच्या मुखाशी पोहोचले ते सहा जण.

अहवाल तारीखवार व वर्तमानकाळी आहे. मात्र तो तेव्हाचा नाही. पॉवेल १८७१-७२ साली निराळे सोबती घेऊन पुन्हा या नदीवर उतरले, आणि दुसऱ्या प्रवासातील कित्येक गोष्टी त्यांनी पहिल्याच्या कथेत ओवल्या. घटनांची जागाही बदलली. कड्यावर एका हाताने लोंबकळणाऱ्या पॉवेल यांना ब्रॅडली या सोबत्याने आपली विजार खाली सोडून वर ओढले, हा प्रसंग अहवालात जूनमध्ये, याम्पा नदीच्या संगमाजवळ घडतो. १९४७ साली प्रकाशित झालेल्या ब्रॅडली यांच्या दैनंदिनीत तो जुलैत, पुष्कळ खालच्या दरीत आहे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. प्रसंगांची निवड व मांडणी हा कोणत्याही लेखकाचा अधिकार आहे. तारीख ही दैनंदिनीची शपथ असते आणि ती येथे मोडली आहे, हे खरे. तरीही १८६९ मधले अज्ञान व भय खरेच होते, आणि कथनाचा गाभा त्याच्याशी प्रामाणिक राहतो. दुसरी गोष्ट मात्र क्षम्य नाही. दुसऱ्या मोहिमेतील माणसांची नावेच अहवालातील नदीप्रवासाच्या कथेत नाहीत. वाटाड्याविना केलेला जलप्रवास हे सामुदायिक कर्म आहे. होडी खळाळाच्या बाजूने दोरांनी उतरवताना एकाचा जीव दुसऱ्याच्या मुठीत असतो. ज्यांच्या श्रमावर वर्णन उभे राहिले त्यांनाच वगळणे हा नैतिक दोष तर आहेच, पण तो वाङ्मयीन दोषही आहे. कारण त्यामुळे अनुभवाचे स्वरूपच खोटे ठरते. सतराव्या वर्षी दुसऱ्या मोहिमेत सामील झालेल्या फ्रेडरिक डेलनबॉ यांनी १९०८ साली त्या प्रवासाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ती उणीव त्यातून बरीचशी भरून निघाली.

एडवर्ड ॲबी यांच्या 'डेझर्ट सॉलिटेअर'मध्ये हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. १९५९ साली रबरी होड्यांतून एका मित्रासह ॲबी ग्लेन कॅन्यन उतरले. १९६३ साली धरणाचे दरवाजे बंद झाले व ती दरी बुडू लागली. पुस्तक आले १९६८ साली. त्या पुस्तकातही एकाहून अधिक मोसमांचा अनुभव एकाच उन्हाळ्यात सामावला आहे. पण तेथील वर्तमानकाळाचे कार्य वेगळे आहे. पॉवेल वाचकाला अज्ञाताकडे नेतात. ॲबी अशा स्थळाकडे नेतात की जे आता जाणार हे लेखक व वाचक दोघांनाही ठाऊक आहे. ज्ञान लपवलेले नसल्यामुळे येथे वर्तमानकाळाला शोकाचा सूर लाभतो. सोबती नावासह, स्वभावासह कथेत आहे. म्हणून संकोच तोच असूनही ॲबी यांचे कथन अधिक सत्य वाटते.

आज हौशी प्रवासी कयाक घेऊन ग्रीन नदीवर लॅबिरिंथ व स्टिलवॉटर या संथ पाण्याच्या दऱ्या स्वतःच्या भरवशावर उतरतात. दोन्ही नावे पॉवेल यांच्या मोहिमेने दिलेली आहेत. हाती मैलागणिक नकाशा असतो, परवाना असतो. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे लागते आणि मैलासह सारा कचरा परत आणावा लागतो. कोलोरॅडोच्या संगमाशी गाडीरस्ता नाही; खाली कॅटरॅक्ट कॅन्यनचे खळाळ आहेत; म्हणून परतीची मोटारबोट आधीच ठरवावी लागते. पॉवेल यांचे अज्ञान या प्रवाशाला मिळणे नाही. ते त्याला पुस्तकातूनच घ्यावे लागते, आणि म्हणूनच पुस्तकाने त्याला फसवू नये ही अपेक्षा वाजवी ठरते.

धरणामागील जलाशयाला पॉवेल यांचेच नाव आहे. दीर्घ अवर्षण व पाण्याचा वाढता उपसा यांमुळे २०२३ च्या आरंभी त्याची पातळी, तो भरल्यापासूनच्या काळात, सर्वांत खाली गेली, आणि ग्लेन कॅन्यनच्या काही बाजूच्या घळी पुन्हा उघड्या पडल्या. बुडालेल्या स्थळाविषयीचा शब्द हाच एकमेव साक्षीदार, अशी समजूत होती. आता स्थळ स्वतःच साक्षीला उभे राहिले आहे. प्रवासवर्णनाचे सत्य तारखांच्या अचूकपणात संपत नाही, हे या ग्रंथांवरून दिसते. परंतु सोबत्याला त्याचे श्रेय व स्थळाला त्याचे रूप नाकारून ते उभेही राहत नाही.