ओठ हलवणाऱ्या बायका

आपल्या महिला मंडळांच्या सरावात एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘अक्का, तुम्ही जरा हळू म्हणा हं.’ कधी त्याहून उघड, ‘मावशी, तुम्ही नुसते ओठ हलवा.’ बोलणारी गोडच बोलते, अक्काही हसून मान डोलावतात. पण त्या दिवसापासून त्यांचा आवाज बंद होतो. पुढं त्या एक सराव चुकवत नाहीत, सगळ्यांसारखी साडी नेसतात, टाळ धरतात. फक्त गात नाहीत. समूहभजनावर आपण बोलतो ते सूर, ताल आणि पेहराव यांबद्दल. मला वाटतं, टीका करायचीच तर पहिल्यांदा या वाक्यावर करावी.

भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी या दशलक्षणाच्या दहा दिवसांत बेळगाव-निपाणी भागातल्या बस्त्यांमधून पूजा, आरती, भजनं चाललेली असतात. ऐकायला बसलं की चित्र बहुतेक सारखंच. एक गाणारी बाई माईकपुढं, पेटी तिच्या गळ्याच्या पट्टीत, आणि मागं दहा-बारा जणी. पहिलं कडवं बरं जातं. अंतरा वर चढला की मागच्या निम्म्या गप्प होतात, उरलेल्या ओरडतात. ढोलकी पळायला लागते. शेवटी टाळ्या पडतात त्या एकटीला. आता तर मोबाईलवरचा ट्रॅक आलाय. तो कुणासाठी थांबत नाही, कुणाचा श्वास बघत नाही. ठेच लागलेल्या बाईला सोडून तो पुढं निघून जातो.

स्पर्धांना सरसकट नावं ठेवणं बरोबर नाही. स्पर्धेमुळंच कितीतरी घरांत ‘आज माझा सराव आहे’ असं सांगून बाई संध्याकाळी बाहेर पडू लागली. पाठांतर झालं, वेळ पाळायची सवय लागली, सासू-सुना एका ओळीत बसल्या. पण नंबर आला पाहिजे म्हटलं की कच्चा आवाज झाकायची घाई होते, आणि तो पक्का करायला लागणारा वेळ कुणी देत नाही. इथं मंडळ चालवणारीची कसोटी लागते. चांगली गायिका म्हणजे चांगली गाऊन घेणारी, असं आपण धरून चालतो. ही दोन कामं वेगळी आहेत.

पहिला प्रश्न पट्टीचा. काळी पाच ही रियाज केलेल्या गळ्याला सोयीची. साठीतल्या बाईचा आवाज उतरलेला असतो, श्वास आखूड झालेला असतो. त्याच पट्टीत तार गंधार मागितला की ती एकतर किंचाळणार, नाहीतर गप्प बसणार. मग आपण म्हणतो, ‘यांना सूर नाही.’ अहो, सूर नाही की पट्टी नाही? गाणं तीन पट्ट्या खाली, पांढरी पाचवर आणून बघा. निम्म्या बेसूर बायका जागच्या जागी सुरात येतात. पेटी उघडण्याआधी सगळ्यांकडून ते भजन नुसतं म्हणून घ्यावं, सगळ्यात खालचा आणि वरचा सूर कुठं लागतो ते बघावं आणि मग पट्टी ठरवावी. पुढची गाणारी थोडी खाली गायली म्हणून तिचं काही बिघडत नाही.

तरीही एखादीला सूर सापडत नाही. तिला आपला सूर पुन्हापुन्हा मोठ्यानं ऐकवून उपयोग नसतो. आपणच तिच्या सुराकडं जायचं. ती जो सूर लावते तो पेटीवर शोधायचा, तिथं तिच्याबरोबर ‘आ’ लावायचा. दोन आवाज जुळले की कसं वाटतं, हे बऱ्याच जणींना आयुष्यात पहिल्यांदा तिथं कळतं. मग एकेक पट्टी वर न्यायचं. बसवतानाही पक्क्या आवाजाच्या सगळ्या पुढं आणि कच्च्या मागं, असं करू नये. पक्क्या दोघी-तिघी मागं, मधूनमधून बसवाव्यात. कानामागून सूर आला की माणूस त्याला धरून चालतं.

भक्तामराचंच घ्या. ४८ श्लोक, श्लोकाला चार चरण, म्हणजे १९२ ओळी. वसंततिलका वृत्त, चरणात १४ अक्षरं. एका दमात ही चाल ओढत नेली की विसाव्या श्लोकाला अर्धा वर्ग धापा टाकतो आणि शेवटची अक्षरं गिळली जातात. दोन गट करून आलटून पालटून श्लोक म्हटले तर प्रत्येकीच्या वाट्याला २४ येतात, आणि दुसऱ्या गटाचं ऐकायलाही मिळतं. गाण्याआधी नुसतं बोलून घ्यावं, हातानं ऱ्हस्व-दीर्घ मोजत. आपल्या सीमाभागात याची गरज जास्तच. घरी कन्नड बोलणाऱ्या काहींच्या तोंडी ‘भ’चा ‘ब’ होतो, मराठी बोलणाऱ्या शेवटचा ऱ्हस्व दीर्घ करतात. दोघींनी एकमेकींना हसण्यापेक्षा दोघींनी मिळून ओळ बोलावी, दोघींचं सुधारतं.

‘गळा देवानं द्यावा लागतो’ हे आपलं आवडतं उत्तर. शिकवायचे कष्ट वाचवणारं उत्तर आहे ते. इथून जवळच, कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. घराण्याच्या बंद दारामागचं गाणं वर्गात आणलं, स्वरलिपीत बांधलं. सामान्य घरातल्या माणसालाही पायरीपायरीनं गाणं शिकवता येतं, हे या भूमीतल्या माणसानं दाखवून सव्वाशे वर्षं होत आली. आपण मात्र बारा बायकांच्या वर्गातल्या चौघींना ओठ हलवायला सांगतो.

शिवाय हे भजन म्हणजे मैफल नव्हे. पूजेत जल, गंध, अक्षता वाहताना कुणाचा हात थरथरतो म्हणून तिचं अर्घ्य आपण परत करत नाही. मग थरथरणारा आवाज तेवढा परत का पाठवायचा? मुनी, आर्यिका, श्रावक, श्राविका या चतुर्विध संघात श्राविकेला जागा आहे, ती आवाज तपासून दिलेली नाही. सुरात गावं, जरूर गावं. पण तिथवर सगळ्यांना घेऊन जावं. आणि कुणाला नेता नाही आलं तर तिनं आपल्या सुरात हळू म्हणावं. गप्प बसवणं हा उपाय नव्हे.

परीक्षकांना माझी एकच विनंती आहे. गाण्याच्या मध्यात एका ओळीपुरती पेटी थांबवायला सांगा, पुढच्या बाईलाही थांबायला सांगा. ट्रॅक असेल तर बंद करा. मग कान देऊन ऐका. मागच्या बायकांनी ती ओळ न अडखळता पुढं नेली, तर ते मंडळ. शांतता पसरली, तर समजा की इतका वेळ एकटीच गात होती. गुण त्या ओळीला द्या.