बर्फ वितळण्यातली ‘संधी’

मार्च 2022 मध्ये केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं आर्क्टिक धोरण जाहीर केलं. कुडव्यात बसून ते का वाचायचं? तर आपलं धान पावसावर, आणि उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाचा आपल्या मान्सूनशी संबंध आहे, असं हेच धोरण सांगतं. तिथवर उत्तम. पुढे मात्र तेल, वायू, खनिजं, नवा जहाजमार्ग! अहो, बर्फ हटला तरच ही संधी खुलते ना? धोरणाचे सहा स्तंभ आहेत. धोका एका स्तंभात, संधी दुसऱ्यात, दोघांची गाठ मला तरी नीट पडलेली दिसत नाही. 2020 मध्ये रशियात नोरिल्स्कला टाकी फुटून सुमारे 20,000 टन डिझेल सांडलं. खालची गोठलेली जमीन वितळून आधार खचला, असं कंपनीच म्हणाली. तो हिशेब संधीच्याच पानावर हवा होता.