तलवार, सतार आणि कानस

डोंबिवलीतल्या आमच्या गाण्याच्या क्लासमध्ये एका कोपऱ्यात मिरजेचा तानपुरा आहे, गवसणीत. रियाज मात्र आम्ही मोबाईलमधल्या तानपुऱ्यावर करतो. तो सुरातून उतरत नाही आणि लोकलच्या गर्दीत मोडत नाही. त्यामुळे मिरजेच्या सतारमेकर घराण्याची गोष्ट वाचताना मला जरा अपराधी वाटतं.

गोष्ट तुम्हीही वाचली असेल. शस्त्रांना धार लावणारं शिकलगार कुटुंब. राजवट बदलली, तलवारींचं काम संपलं. १९व्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करायला घेतली, मग घडवायला. पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला आणि तलवारीची सतार झाली!

माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. ते टाळ्या घेतं, पण धंदा कसा वाढला हे सांगत नाही. राजाश्रयावर चार उत्तम वाद्यं होतील; पिढ्यान् पिढ्या चालणारी कारागिरांची अख्खी गल्ली उभी राहायला गिऱ्हाईक लागतं. तेही मिरजेतूनच घडलं. इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं मध्यमवर्गाच्या घरात आणलं. अब्दुल करीम खाँ तर मिरजेतच स्थायिक झाले. शिकणारे वाढले, तसे तानपुरेही लागू लागले. आमचा क्लास त्याच साखळीतली एक कडी आहे.

या गोष्टीत दुसरं काय हरवतं? हात. पंढरपूरकडचा भोपळा आणि चांगलं लाकूड मिळालं तरी तानपुरा बोलत नाही. घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासावा लागतो, की तार तिला जेमतेम चाटून जाईल. त्यातून जवारी निघते. हे काम डोळ्यांपेक्षा कानावर चालतं. तलवार आणि सतार यांच्यातला खरा दुवा मला इथे दिसतो, घासण्याच्या संयमात. आपण मात्र राजाची रसिकता लक्षात ठेवली.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नावाची नक्कल थांबेल. हाताला काम मिळेल ते गिऱ्हाईक आलं तरच. आणि गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही, खिशात फुकटचा तानपुरा घेऊन फिरणारे.

क्लासमध्ये वर्गणी काढलीय. पुढच्या महिन्यात कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून आमचा तानपुरा जवारी काढायला मिरजेला न्यायचाय. गवसणीवरची धूळ काल झटकली.