अंक गेला, वर्गणी राहिली

19 एप्रिल 2007 रोजी अमेरिकेतल्या ‘पायझो पब्लिशिंग’ या छोट्या प्रकाशनसंस्थेने जाहीर केलं, की ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ ही दोन मासिकं लवकरच छापायची थांबतील. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची मालकी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीकडे होती. या मासिकांचा परवाना पुढे चालू ठेवायचा नाही आणि तसला मजकूर यापुढे इंटरनेटवर द्यायचा, असं कंपनीने ठरवलं होतं. ‘ड्रॅगन’चा 359वा आणि ‘डंजन’चा 150वा अंक शेवटचा ठरला. खेळणाऱ्यांमध्ये जो संताप उसळला, त्याला आजही ‘जुन्या लोकांचं कागदाचं वेड’ म्हणून निकालात काढलं जातं. मला ते पटत नाही. त्या रागात निरनिराळ्या तक्रारी मिसळलेल्या होत्या. काही पुढे फोल ठरल्या, पण मालकीबद्दलची तक्रार अक्षरशः खरी ठरली.

हा खेळ कसा चालतो हे माहीत नसेल, तर मासिक बंद पडण्याचं एवढं दुःख कशाला, असा प्रश्न पडेल. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे खेळ चालवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. तलवार लागली की चुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पट नसला तरी चालतो, पण पुढ्यात काय वाढून ठेवलंय हे कुणीतरी आधी रचलेलं असावं लागतं. दर आठवड्याला नवं तळघर, नवा राक्षस, नवं कारस्थान स्वतःच रचणं नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला झेपत नाही. त्यामुळे हा छंद पहिल्यापासून वाचनावर पोसला गेला. खेळ 1974 साली आला आणि जून 1976 मध्ये ‘टीएसआर’ या मूळ कंपनीने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून ‘ड्रॅगन’ सुरू केलं. 1986 मध्ये फक्त तयार साहसकथानकं छापणारं ‘डंजन’ आलं. पुढे 1997 मध्ये विझर्ड्सने टीएसआर विकत घेतली, 2002 पासून मासिकं पायझोकडे आली.

‘ड्रॅगन’ने स्वतःचे काही वाङ्मयप्रकार घडवले, ही गोष्ट समीक्षकांनी फारशी लक्षात घेतलेली नाही. एप्रिल 1983 च्या 72व्या अंकात ‘पिअर्सर’ नावाच्या प्राण्यावर एक लेख आला. हा प्राणी गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यासारखा दिसतो आणि खालून कुणी गेलं की त्याच्या डोक्यावर पडतो. नियमपुस्तकात त्याला जेमतेम काही ओळी मिळाल्या होत्या. लेखाने प्रश्न विचारला, की हा प्राणी वर कसा चढतो, खातो काय, त्याची पिल्लं कशी असतात? त्यातून एकेका राक्षसाच्या जीवनक्रमावरची लेखमालाच उभी राहिली. एड ग्रीनवुडसारख्या लेखकांनी तिला छान वळण दिलं. वर गोष्ट चालायची आणि खेळाचे आकडे, नियम खाली तळटीपांत जायचे. हौशी वाचक गोष्ट वाचायचा, खेळ चालवणारा तळटीपा. एकाच पानावर दोघांची सोय करणारी ही रचना छापील पानाच्या मर्यादेतूनच जन्मली.

‘डंजन’चं कसब आणखी सूक्ष्म होतं. त्यातलं कुठलंही साहस उघडा. नकाशावर खोल्यांना आकडे घातलेले. आकडा गाठला की चौकटीत दोन-तीन वाक्यं, खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवायची: भिंतीवरची ओल, कुजकट वास, टेबलावरचं अर्धवट जेवण. चौकटीबाहेर फक्त मास्टरने वाचायचं: पडद्यामागे कोण आहे, लढाई सुरू झाली तर ते काय करील, हरायला लागलं तर कुठे पळेल. त्याखाली बारीक टायपात प्राण्याचे आकडे. हे लिहिणं महाकठीण. लेखकाला गोष्ट सांगायची असते, पण नायक त्याच्या हातात नसतात. ते दार उघडायचं सोडून खिडकी फोडतील. चौकटीतला मजकूर चार ओळींच्या पुढे गेला की टेबलाभोवतीची माणसं फोनकडे बघू लागतात. पानं मोजकी, त्यामुळे संपादकाची कात्री सतत चालू आणि लेखक त्या कात्रीखालीच तयार झाले. ख्रिस पर्किन्सचं पहिलं साहस 1988 साली ‘डंजन’च्या 11व्या अंकात आलं. पुढे तो त्याच मासिकाचा संपादक झाला आणि नंतर या खेळाच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक. बाहेरून पाठवलेलं लेखन वाचलं जातं, निवडलं जातं, त्याचे पैसे मिळतात, हा या छंदाचा मोठा दरवाजा होता.

पायझोच्या काळात हे कसब शिगेला पोचलं. ‘एज ऑफ वर्म्स’, ‘सॅव्हेज टाइड’ अशी बारा-बारा अंक चालणारी सलग कथानकं आली. गावातल्या किरकोळ भानगडीपासून सुरू करून वर्षअखेरीस राक्षसांच्या राजाशी गाठ. ‘सॅव्हेज टाइड’ अर्ध्यावर तुटू नये म्हणून विझर्ड्सने परवान्याची मुदत थोडी वाढवली आणि ते 150व्या अंकात पूर्ण झालं, हे नोंदवायलाच हवं. म्हणजे मासिक मारलं गेलं ते ऐन भरात असताना. वाचकांना हेच सर्वांत जास्त लागलं.

आता तक्रारी पाहू. ‘पडद्यावर वाचवत नाही’ ही सर्वांत मोठ्याने केलेली तक्रार सर्वांत लवकर विरली. दहा वर्षांत तीच माणसं टॅबलेट टेकवून खेळ चालवू लागली. ‘हवं ते सापडणार नाही’ ही तर उलटीच ठरली, कारण शोधायला ऑनलाइन मजकूर कितीतरी सोयीचा. अमेरिकेबाहेरच्या वाचकांची बाजू या गोंगाटात दबून गेली. परदेशी टपालखर्च सोसून अंकाची वाट पाहणाऱ्याला तोच मजकूर त्याच दिवशी मिळणं हा खराखुरा लाभ होता. पण आणखी दोन तक्रारी होत्या. एक, सुटे लेख म्हणजे अंक नव्हे. दुसरी, पैसे भरत राहीन तोवरच हे माझं असेल.

जून 2008 मध्ये खेळाची चौथी आवृत्ती आली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स इनसायडर’ नावाची वर्गणी सुरू झाली आणि वर्ष सरता सरता आधी फुकट असलेली ऑनलाइन मासिकं तिच्या कुलपाआड गेली. वर्गणीत मासिकांबरोबर नियमांचा शोधकोश आणि पात्र घडवण्याचं साधन होतं. हे साधन उत्तम होतं, हे त्याचे टीकाकारही मानतात. गोची तिथेच झाली. बरेच जण साधनासाठी पैसे भरत आणि मासिक त्यासोबत आपोआप येई. ज्याच्यासाठी म्हणून कुणी पैसे मोजत नाही, त्याचा दर्जा राखण्याची निकड उरत नाही. लेख सुटे सुटे यायचे, महिनाअखेरीस ते जोडून एक पीडीएफ मिळायची. पुढे काही काळ ते जोडणंही थांबलं. या काळात चांगलं लेखन झालंच नाही असं नाही. पण मी ते चाळतो तेव्हा एक उणीव सतत जाणवते: शेजार. छापील अंकात तुम्ही आपल्या कामाचं साहस शोधायला जाता आणि वाटेत नको असलेला लेख, ‘वर्मी’सारखी चित्रकथा, कुठल्याशा छोट्या प्रकाशकाची पानभर जाहिरात भेटते. या छंदाची वस्ती केवढी आहे ते त्या जाहिरातींतून कळायचं. कंपनीच्या स्वतःच्या कुलपाआड दुसऱ्याची जाहिरात कशाला असेल?

मालकीचा प्रश्न उघडा पडायला दोन वर्षंही लागली नाहीत. एप्रिल 2009 मध्ये चोरीचं कारण देत विझर्ड्सने आपल्या सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफची विक्री एकाएकी थांबवली. 2010 च्या नोव्हेंबरात पात्र घडवण्याचं साधन संगणकावरून काढून संकेतस्थळावर नेलं. आधी एकदा उतरवून घेतलं की ते आपलं; आता वर्गणी संपली की दार बंद. डिसेंबर 2013 मध्ये ‘ड्रॅगन’चा 430वा आणि ‘डंजन’चा 221वा अंक निघून ऑनलाइन मासिकंही थांबली. 2019 अखेरीस ‘इनसायडर’ ही सेवाच बंद झाली. 1976 चा छापील अंक मात्र ज्याच्याकडे आहे त्याला तो आजही उघडता येतो.

पायझोने याच रागातून वाट काढली. ऑगस्ट 2007 मध्ये ‘पाथफाइंडर’चा पहिला खंड आला: 96 पानं, दर महिन्याला एक, सहा खंडांत एक सलग कथानक. मासिकाच्या उरलेल्या वर्गणीचे पैसे इकडे वळवून घ्यायची सोय होती. आणि त्यांनी एक गोष्ट केली जी विझर्ड्सला सुचली नाही: छापील खंडाच्या वर्गणीदाराला पीडीएफ मोफत. कागद की पडदा हे भांडण एका फटक्यात निकालात निघालं. 2009 मध्ये त्याच नावाचा स्वतंत्र खेळ आला आणि एकेकाळचा परवानाधारक मूळ खेळाचा तगडा प्रतिस्पर्धी होऊन बसला. दोन्ही मासिकांचा माजी संपादक वुल्फगँग बाऊर याने ‘कोबोल्ड क्वार्टर्ली’ काढलं. ते 2012 पर्यंत चाललं. मासिकाच्या अंतातून एवढं निपजलं हे मान्य, पण ती माणसं मासिकातच घडलेली होती. आज त्यांची पुढची पिढी कुठे घडते आहे?

थोडी आशा आहे. 2021 मध्ये ‘एमसीडीएम’ या स्वतंत्र संस्थेने ‘आर्केडिया’ हे पैसे देऊन घ्यायचं डिजिटल मासिक काढलं. त्यात लेख थोडेच होते, पण निवडलेले, चित्रांनी सजवलेले आणि विकत घेतलेली पीडीएफ कायमची घेणाऱ्याची. ते दोनेक वर्षंच चाललं, तरी ऑनलाइन पैसे मोजायला खेळणाऱ्यांचा विरोध नव्हता हे त्यातून दिसलं. उलट बाजूला ‘डी अँड डी बियाँड’ आहे, खेळाची पुस्तकं ऑनलाइन विकणारी आणि 2022 मध्ये विझर्ड्सची मालक असलेल्या हॅस्ब्रो कंपनीने विकत घेतलेली सेवा. ऑगस्ट 2024 मध्ये तिने जाहीर केलं, की लोकांच्या पात्रांच्या तक्त्यांवरचे जुने मंत्र नव्या नियमांप्रमाणे बदलले जातील. पैसे देऊन घेतलेली पुस्तकं परस्पर बदलणार म्हटल्यावर गदारोळ झाला आणि काही दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. तक्रार तीच होती, 2007 मधली. फरक एवढाच, की या वेळी ती करणाऱ्यांत असे असंख्य तरुण होते, ज्यांनी छापील ‘ड्रॅगन’ कधी हातातही धरलेला नाही.